पहिले चावी, नाव मागून

आमच्या शेजारचे पिराजी काका खोली बघायला आलेल्या माणसाच्या हातात आधी चावी ठेवतात आणि मग त्याचं नाव विचारतात. तेही अर्धंच. तो बिचारा सवयीने पूर्ण नाव सांगायला लागला की काका हात वर करून त्याला मध्येच अडवतात. "बस बस. नाव कळलं. पुढचं राहू द्या. पाणी सकाळी येतंय, बादल्या भरून ठेवा."

गेली अठरा वर्षं मी हा प्रकार कंपाउंडच्या भिंतीवरून बघतोय, आणि अठरा वर्षं माझं डोकं फिरतंय.

डोकं फिरायचं कारण असं की मीही घरमालक आहे. नांदेडात खाली झेरॉक्सचं दुकान, मागे मी आणि बायको सुमन आणि वर दोन खोल्या किरायाने. शिवाय दुकानात मी लोकांचे भाडेकरारही ऑनलाइन करून देतो. म्हणजे किरायदार या जातीशी माझा दोन्ही बाजूंनी संबंध. लोकांना वाटतं घरमालकाचं बरंय, बसून खातो. त्यांनी एकदा बसून दाखवावं. किरायदाराने भिंतीत ठोकलेला प्रत्येक खिळा मालकाच्या छातीत जातो. मोरी तुंबली की ती मालकाची असते, तुंबवली कोणी ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. टाकी भरून वाहायला लागली की सगळे गाढ झोपलेले असतात आणि टाकी रिकामी झाली की सगळे एकदम जागे होतात.

म्हणून मी माणूस पारखून घेतो. आधी पाण्याचा तांब्या देतो. मग गाव विचारतो. मग आडनाव. आडनावावरून उलगडा झाला तर ठीक, नाही तर पाहुणे कुठले, मामाचं गाव कोणतं, गावात घर कोणत्या बाजूला. पाच मिनिटांत समोरच्याची कुंडली माझ्या हातात. आम्ही जातपात मानत नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगून टाकतो. पण घर म्हटलं की आपल्याला आपलं बघावं लागतं. आणि नाही जमलं तरी मी कधी कोणाला तोडून बोलत नाही. "अरेरे, दोन दिवस आधी यायचं की हो! मेव्हण्याची नांदेडला बदली झालीय, तोच येणार आहे राहायला," एवढंच म्हणतो. माझा मेव्हणा निलंग्याला असतो. त्याचं तिथे खताचं दुकान आहे आणि त्याची बदली फक्त यमराज करू शकतो. पण घरमालकाला असा एखादा मेव्हणा लागतोच.

पिराजी काकांची गोष्टच वेगळी. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, मूळचा मुखेडकडचा. खाली एकटे राहतात, वर तीन खोल्या. पत्नी गयाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा राहुल पुण्यात इंजिनिअर. काकांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते चालायचं नाही.

या चावीवाटपाचे परिणाम मात्र भिंतीपलीकडचा मी भोगतो. उदाहरणार्थ उस्मान. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. हे काकांना कधी कळलं? चावी देऊन झाल्यावर, त्याने टेम्पोतून ट्रम्पेटची पेटी उतरवली तेव्हा. नवं गाणं बसवायचं असलं की हा पठ्ठ्या त्यातली एकच ओळ दुपारभर वाजवतो, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी चुकतो. गिऱ्हाईक मला आधारकार्डाची झेरॉक्स मागायचं, मला ऐकू यायचं नाही, मी पासबुकाची काढून द्यायचो.

"काका, विचारून तरी घ्यायचं होतं, काय धंदा करतोस म्हणून!"

"विचारलो की. म्हणला, वाजवतो. मला वाटलं तबला असंल."

मग इस्लापूरच्या ताई आल्या. दवाखान्यात आया म्हणून कामाला. बाई सोन्यासारखी, पण सोबत पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्यांना कंपाउंड ही कल्पनाच मान्य नव्हती. त्यातली एक तांबडी रोज माझ्या दुकानात यायची आणि कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसायची. एक दिवस ताई दारात उभ्या राहिल्या आणि अगदी अदबीने म्हणाल्या, "दादा, आमचं अंडं तुमच्याकडं आलंय का?" तहसीलदारांच्या अर्जाचे कागद बाजूला सारून मी अंडं काढून दिलं. घरमालकाला एवढंच करायचं राहिलं होतं.

आणि एक तर चावी घेऊन गेला तो तीन महिने फिरकलाच नाही. काका रोज ती खोली झाडून ठेवायचे. चार माणसं विचारून गेली, काकांनी सगळ्यांना हात जोडले. मी कपाळावर हात मारून घेतला. "काका, तो गेला! पळाला! द्या दुसऱ्याला!"

"चावी दिली म्हणल्यावर खोली त्याची. आला अन् खोलीत दुसरा दिसला तर काय म्हणंल?"

किरायदारांची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, तो फॉर्म भरायला ते माझ्याच दुकानात येतात. पूर्ण नावाच्या रकान्यापाशी आमचं भांडण ठरलेलं. "उस्मान लिहा." "पुढे?" "पुढं तुमी त्यालाच विचारा. मी मालक हाय, फौजदार न्हाई." मग मी दुकान सोडून त्यांचा जिना चढायचा आणि तिन्ही खोल्यांची आधारकार्डं गोळा करून आणायची. कुरिअरवाला आला की तो आडनावं पुकारत उभा राहतो आणि काका सगळ्यांचे मालक असून अनोळखी माणसासारखे बघत राहतात. शेवटी तो पार्सल माझ्याकडेच टाकून जातो.

काकांना एक खोड आणखी होती. सकाळी दात घासत भिंतीपाशी यायचे आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "माधवराव, मेव्हणे आले का?"

"नाही अजून. बदली अडकलीय."

"हाव का? लई दिवस झाले अडकून." आणि चूळ भरायला निघून जायचे. मला वाटायचं, माणूस साधा आहे, खरंच चौकशी करतोय.

गेल्या वर्षी एक नवं जोडपं माझ्याकडे खोली बघायला आलं. मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला, मुलगी बी.एड. करणारी. मुलीला खोली फार आवडली. ओटा कुठे, कपडे कुठे वाळत घालायचे, सगळं तिने मनातल्या मनात मांडून टाकलेलं दिसत होतं. मग मी पाणी दिलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आणि मग माझ्या मेव्हण्याची बदली झाली. मुलीने तांब्या न पिताच खाली ठेवला. दहा मिनिटांनी ती दोघं शेजारच्या जिन्याने वर जाताना दिसली, मुलाच्या बोटात चावी. त्या दिवशी काका भिंतीपाशी आले, पण मेव्हण्याचं काही विचारलं नाही. नुसते बघून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी काकांना न्हाणीत चक्कर आली. इस्लापूरच्या ताईंनी आवाज ऐकला म्हणून निभावलं. पुण्याहून राहुल धावत आला. चांगला मुलगा, बापावर जीव. त्याने माझ्या दुकानात बसून स्पष्ट सांगितलं, "माधवकाका, बाबांना आता एकटं ठेवणार नाही. घर विकतो, त्यांना घेऊन जातो. खोल्या रिकाम्या करायचं तेवढं तुम्ही बघा."

मी चेहरा पाडला आणि आतून मोहरलो. ट्रम्पेट जाणार! कोंबडा जाणार! घराला गिऱ्हाईक तर आठवड्यात मिळालं, एक डॉक्टर नवरा-बायको. त्यांची अट एकच, घर पूर्ण रिकामं पाहिजे. आता फक्त काकांनी तिघांना खोली सोडा म्हणून सांगायचं होतं. मी तीन नोटिसा टाइप केल्या, सभ्य भाषेत, खाली सहीला जागा ठेवून.

पहिली नोटीस घेऊन काका उस्मानकडे गेले. अर्ध्या तासाने परत आले, कागद हातातच. "दिली का?"

"कशी देऊ? वाजवून राहिला होता. आज ती ओळ पहिल्यांदा बरोबर आली त्याची. अशा टायमाला माणसाला कसं सांगावं?"

दुसरी घेऊन ताईंकडे गेले, ते उकडलेली दोन अंडी घेऊन खाली आले. नोटीस सोबत होती, तिच्यावर मीठ होतं. "एक तुमाला पाठवलंय. तुमच्या दुकानातलंच हाय म्हणे." तिसरी त्या जोडप्याकडे न्यायची होती, तर काकांनी आधी खिडकीचं तुटलेलं दार सुतार आणून बसवून घेतलं. आता खिडकी नवी करून दिल्यावर लगेच नोटीस बरी दिसत नाही, म्हणून तीही राहिली.

असा महिना गेला. डॉक्टर मला फोन करत होते, राहुल मला फोन करत होता, आणि ज्याचं घर तो माणूस सुतारकाम करत होता. शेवटी माझा तोल गेला. काका दुकानात आले होते, त्यांच्यासमोर तिन्ही कागद आपटले. म्हणालो, "तुमच्याने होत नाही तर मी सांगतो. आज, आत्ता. आणि काका, राग येऊ देऊ नका, पण पहिल्यापासून चार गोष्टी विचारून माणसं घेतली असती तर ही वेळ आली नसती!"

काका स्टुलावर बसले. रागावले नाहीत. झेरॉक्सच्या मशीनकडे बघत बोलायला लागले.

"नोकरी लागली तवा गया अन् मी मुखेडहून एस्टीनं आलाव. नवीन लग्न. तिला स्टँडवर ट्रंकेपाशी बसवलो अन् मी खोली हुडकाया निघालो. खोली सगळ्यांकडं होती, माधवराव. आडनाव सांगेपर्यंत होती. मग कोणाचा भाऊ येणार, कोणाचा पुतण्या, कोणाचा मेव्हणा."

मेव्हणा म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

"दोन दिस फिरलो. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचंच आडनाव सांगितलो. लगेच खोली. मालकीणबाईनं चहा पाजला. तीन वर्षं राहिलाव तिथं. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्याच्या खाली. गया बाहेर बोलायची न्हाई, तोंडातून काई जाईल म्हणून. एकदा तिची माय गावाहून आली, तर गयानं तिला स्टँडवरच गाठलं. भाकर तिथंच खाऊ घातली अन् परतीच्या गाडीत बसवून दिलं. घरी आणलं असतं तर म्हातारी दारातच मालकीणबाईला जयभीम म्हणली असती. म्हातारीला काय सांगायचं? रडत गेली. शेरात जाऊन पोरगी बदलली म्हणली."

मशीन चालू राहिली होती. मी ती बंद केली.

"हे घर बांधलं तवा गयानं एकच गोष्ट मागितली. दारात येईल त्याला पहिले चावी द्या म्हणली. नाव मागून. अन् दिल्यावर जा म्हणायचं न्हाई." काकांनी नोटिसा नीट एकावर एक ठेवल्या. "आता ती न्हाई. कोणाला विचारून मोडू?"

मला माझी लाज वाटली, हे इथे सरळ लिहून टाकतो. त्या मुलीने न पिता ठेवलेला तांब्या डोळ्यांपुढून हलेना. आणि मला लाज वाटली की मी आणखी चिडतो, त्यामुळे त्या रात्रीच्या जेवणात मीठ कमी आहे म्हणून सुमनवर ओरडलो. तिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "ती पोरगी आली होती तेव्हा मी आतच होते." त्यावर मी जेवायला लागलो.

तरी काकांच्या तब्येतीचा प्रश्न होताच. राहुलने मधला रस्ता काढला. आधी महिनाभर पुण्याला येऊन राहा, करमतंय का बघा, मग घराचं ठरवू. काका तयार झाले. नातवासाठी शेंगदाण्याचे लाडू घेतले, तीन खोल्यांत जाऊन निरोप घेतला, घर माझ्यावर सोपवलं. मी स्वतः त्यांना गाडीत बसवून आलो आणि हुश्श केलं. करमेल, असं मला मनापासून वाटत होतं. मुलगा, सून, नातू, लिफ्ट. माणसाला आणखी काय लागतं?

आठव्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय, तर समोर पिराजी काका, हातात पिशवी.

"काका! महिनाभरासाठी गेला होतात ना!"

"बोरची मोटर बिघडली नव्हं का. यावं लागलं."

"कोण म्हणालं बिघडली? मोटर ठणठणीत आहे. आत्ता टाकी भरून घेतली मी."

"बिघडली, असं राहुलला सांगून आलोय."

मला इतका राग आला! डॉक्टरांना मी कसंबसं थोपवून धरलं होतं. राहुलने एवढ्या हौसेने त्यांना नेलं होतं. म्हणालो, "काका, हे काय पोरखेळ आहेत? सून काही बोलली का? जेवायला नीट मिळालं नाही का?"

"सून लई गुणाची. माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी शिकली, इंटरनेटवर बघून. नातू गळ्यातून उतरंना माझ्या."

"मग?"

मी चहा सांगितला. चहा आला, निवत आला, तेव्हा काका म्हणाले, "राहुलचा फ्लॅट किरायाचा हाय. मालक त्याच बिल्डिंगमधी, वरच्या माळ्यावर. सगळ्यांच्या दारावर पाट्या हाईत, नाव, आडनाव. राहुलच्या दारावर निस्तं राहुल अन् स्नेहा. मला वाटलं अर्धी पाटी पडली. इचारलो. तर हसला. म्हणला, बाबा, आता अशीच फॅशन हाय."

"असेलही फॅशन."

"हाव, असंल. मीही तसंच म्हणलो. दुसऱ्या दिवशी लिफ्टमधी एक म्हातारे गृहस्थ भेटले. चांगले होते बोलायला. राहुलचे वडील का, म्हणले. कुठले तुमी, म्हणले. नांदेडचे म्हणलो. मग म्हणले, नांदेडचे म्हंजे कोण? मी तोंड उघडणार, तर राहुलनं मागून माझ्या पाठीवर हात ठेवला."

काकांनी कप खाली ठेवला.

"हाताला घाम होता, माधवराव. एवढा मोठा इंजिनेर. एसी बिल्डिंग. अन् शर्टातून मला कळत होतं, हात ओला हाय."

मी शेजारच्या खोल्यांकडे बघितलं. वर उस्मान उठला नव्हता, कोंबड्याही कुठे दिसत नव्हत्या. मेले नेमके अशा वेळी गप्प असतात.

"मग मी खाली जायाचंच सोडलं. गुडघा दुखतो म्हणलो. तरी राहुल ऑफिसातून दोनदोनदा फोन करून राहिला, बाबा कुठं हाव, खाली तर गेला न्हाईत. म्हाताऱ्याचं तोंड हाय, कवा काय बोलून जाईल ह्याची त्याला धास्ती. मी तिथं असलो की पोरगं झोपत न्हाई. त्याला खोली मिळालीय, लई मुश्किलीनं मिळाली असंल. माझ्यापायी जाया नको." मग एकदम सावरून म्हणाले, "त्याला काई बोलू नका तुमी. त्याला वाटतं मला कळलं न्हाई. तसंच राहू द्या."

तेवढ्यात माझा फोन वाजला. राहुलच. "माधवकाका, बाबा पोचले का? आणि मोटरचं काय झालं? मी इथून कोणाला तरी पाठवतो, आजच्या आज दुरुस्त होईल. बाबांना परत बसवून द्या."

काका माझ्याकडे बघत होते. अठरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आताही मागत नव्हते, नुसते बघत होते.

"मोटर गेली रे राहुल," मी म्हणालो. "पूर्ण जळाली. वाइंडिंग, पाइप, सगळंच काढावं लागणार. बोरही साफ करावी लागेल. बाबा इथे पाहिजेतच, त्यांच्याशिवाय कोणाला माहितीये पाइप कुठून टाकलाय? महिने लागतील. आणि तू काळजी करू नको, रात्री ते आमच्याकडेच जेवतील, वरच्या ताई आहेत, मी आहे. डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगतो."

मग राहुल म्हणाला, "बरं." त्या एवढ्याशा शब्दात त्याचा जीव हलका झालेला मला ऐकू आला. त्यालाही तो ऐकू आला असावा, कारण त्याने लगेच फोन ठेवला.

मी फोन टेबलावर ठेवला आणि उगाच कागदांचा गठ्ठा सारखा करत बसलो. काकांनी निवलेला चहा एका घोटात संपवला, पिशवी उचलली, उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"माधवराव," ते म्हणाले, "जेवला का, हे इचारायचं राहिलं त्याला."